वोल्फ्सबुर्गच्या बाईचा पाटा

बाई स्वयंपाक करताना पायात काही घालायची नाही. अंगात मात्र कायम कोट. जाडजूड, तपकिरी, गुडघ्याच्या खाली येणारा. उन्हाळ्यात सगळं गाव अर्ध्या चड्डीत हिंडायचं, तेव्हाही तिच्या अंगात कोट आणि पाय उघडे. माझ्या सुनेनं एकदा विचारलं, असं का? तर म्हणाली, "थंडी वाजते ती अंगाला. आणि पाय झाकले की हाताची चव जाते."

मला ते लगेच पटलं. माझी आई चुलीपुढं कुणाला चपला घालून येऊ द्यायची नाही. सुनेला पटलं नाही. ती म्हणाली, "बाबा, तुमचं दोघांचं छान जमणार."

जमलं. मोडलंही. दोन्ही सांगतो.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. धंदा पाथरवटाचा. बार्शी, माढा, करमाळा या बाजूला पन्नास वर्षं दारोदार हिंडून बायकांच्या पाट्या-वरवंट्यांना टाकी लावली. आता घरोघर मिक्सर झाले, म्हणून सांगावं लागतं. पाटा वापरून वापरून गुळगुळीत होतो. मग त्यावर वाटण वाटलं जात नाही, नुसतं घसरतं. छिन्नीनं बारीक बारीक टोचे मारून त्याला पुन्हा खरबरीत करायचं, त्याला टाकी लावणं म्हणतात. त्या छिन्नीलाही टाकीच म्हणतात. याच धंद्यावर मुलगा इंजिनिअर झाला आणि जर्मनीत वोल्फ्सबुर्गला गाड्यांच्या कारखान्यात लागला. त्याची आई गेल्यावर त्यानं मला तिकडं नेलं. तिथल्या मराठी मंडळींत तो सांगायचा, "बाबा कन्स्ट्रक्शनमध्ये होते." मी लगेच म्हणायचो, "नव्हतो. दारोदार टाकी लावत होतो." मग तो समोशाच्या ताटाकडं बघत राहायचा.

येताना मी माझी टाकी आणि हातोडी धोतरात गुंडाळून बॅगेत आणली होती. मुलगा म्हणाला, "बाबा, तिथं कशाला लागणार आहे?" मी म्हटलं, "तुला तुझा कॉम्प्युटर कशाला लागतो?"

बाईचं दुकान मला नाकानं सापडलं. वोल्फ्सबुर्गला रस्त्यात कसला म्हणून वास नसतो. रस्ते रुंद, गाड्या धुतलेल्या, माणूस दिसला तर कुत्र्याबरोबर. एका सकाळी मी फिरत होतो आणि एकदम सुकटीचा वास आला. मी थांबलोच. आमच्याकडं बाजाराच्या दिवशी सुकटवाल्या बायका बसतात, तो वास. त्याच्या मागं मागं गेलो, तर चार पायऱ्या उतरून तळघरात एक दुकान. दारात कोनफळासारखे पण मांडीएवढे मोठे कंद रचलेले. वर खोट्या केसांचे झुबके टांगलेले, फोन करायची कार्डं, लाल तेलाच्या बाटल्या, चवळीची पोती. आणि गल्ल्यामागं कोट घातलेली, काळीभोर, माझ्याच वयाची एक बाई. नायजेरियाची, हे मला नंतर कळलं.

मी सुकटीच्या पिशवीकडं बोट दाखवलं. तिनं पिशवी दिली नाही. माझा हात धरला, पालथा केला, उलटा केला, तळव्यावरचे घट्टे अंगठ्यानं दाबून बघितले. मग मागच्या खोलीचा पडदा बाजूला करून मला आत ढकललं आणि एका खुर्चीवर बसवलं. पुढ्यात थाळी आली. मी सुकट घ्यायला गेलो होतो, जेवून आलो.

नाव तिनं विचारलं नाही. मीही नाही. ती मला "पापा" म्हणायची आणि मी तिला "बाई". अहो-जाहो करावं तर त्याला भाषा एक लागते. ती तिच्या भाषेत बोलायची, मी माझ्या. जर्मन तिला येत होतं, मला नाही. काही अवघड असलं की सून दुभाषी. नाही तर आमचं आम्हाला पुरायचं.

दर शनिवारी दुपारी त्या मागच्या खोलीत ती रांधायची आणि येईल तो जेवायचा. बहुतेक तिच्या मुलखातली माणसं, कारखान्यात काम करणारी, कुणी शिकायला आलेली. येताना कुणी कांदे आणायचं, कुणी कोंबडी. ती कधी कुणाबरोबर बसली नाही. भिंतीला पाठ लावून उभी राहायची आणि एकेकाच्या तोंडाकडं बघायची. घास तोंडात गेला की तुमच्या भुवया काय करतात, यावर तिची नजर. कुणी न सांगता ती पळी उचलून एकाच्या थाळीत जास्तीचा रस्सा घालायची आणि दुसऱ्याची थाळी अर्ध्यात ओढून न्यायची, तुझं झालं म्हणून. चुकायची नाही.

एकदा एक जर्मन पोरगा कंद घ्यायला आला. हातात वही. सून तेव्हा माझ्याबरोबर होती. त्यानं विचारलं, हा किती मिनिटं उकडायचा? बाई म्हणाली, "शिजेपर्यंत." तो म्हणाला, "बरं, पण साधारण किती मिनिटं?" बाईनं कंद त्याच्या हातातून काढून घेतला आणि परत रचून ठेवला. म्हणाली, "तो तुला सांगेल ते तुला ऐकू येणार नाही. बटाटे घे." दिला नाही म्हणजे नाही दिला. सून बाहेर येऊन हसून हसून पायरीवर बसली.

माझ्याशीही ती अशीच. कंद उकडून ती उखळात मुसळानं कांडायची, त्याचा पांढरा, लवचीक गोळा व्हायचा. तो बोटांनी तोडायचा, रश्शात बुडवायचा आणि गिळायचा. मी पहिल्या दिवशी चावला. तिनं माझ्या गालाला बोट लावलं आणि मान हलवली, चावायचं नाही. मी म्हटलं, "देवानं दात दिलेत ते कशाला?" मराठीतच म्हटलं. तिनं काय ओळखलं कुणास ठाऊक, माझ्या तोंडाकडं नीट बघितलं, माझे उरलेले दात मोजले, चार बोटं दाखवली आणि अशी हसली की बाकीचे जेवायचे थांबले.

मिरचीचंही सांगतो. तिच्याकडची मिरची छोटी, फुगीर, टोपी दाबल्यासारखी दिसायला. पिवळी, लाल. मला वाटलं, ही काय मिरची? मी सोलापूरकडचा माणूस. छातीवर हात मारला आणि एक अख्खी कच्ची तोंडात टाकली.  बाई हाताची घडी घालून उभी राहिली. पहिल्यांदा कान गेले. मग नाक. मग मला समोरची भिंत दोन दिसायला लागली. पाण्याचा जग टेबलावर होता, हातभर अंतरावर. मी घेतला नाही. ती मला देईना आणि मी मागेना. पाव तास आम्ही दोघं एकमेकांकडं बघत होतो आणि माझ्या डोळ्यांतून धारा. शेवटी तिनं केळ्याचा तळलेला गोड काप माझ्यापुढं ठेवला आणि तोंड दुसरीकडं वळवलं, मी खाताना कुणी बघितलं असं व्हायला नको म्हणून. त्या दिवसापासून मी तिला मानायला लागलो.

आता पाट्याचं.

मागच्या खोलीत खिडकीखाली जमिनीवर तिचा पाटा होता. आपल्यासारखाच, जरा रुंद, आणि वरवंटा लांबट. त्याला ती "ओलो" म्हणायची. तो तिनं नायजेरियातून आणला होता, बाईमाणूस एकटी, विमानातून. वजन जास्त झालं तर तिनं विमानतळावर बॅगेतले कपडे काढले, अंगावर एकावर एक चढवले, उरले ते तिथल्याच एका झाडूवालीला दिले आणि पाटा घेऊन आली. हे सगळं तिनं मला पाटा उचलून, पोटाशी धरून, खोलीभर डुलत चालून दाखवलं. मीही माझ्या टाकीचं करून दाखवलं. दोघंही एकाच जातीचे वेडे.

चवळी भिजवून, चोळून तिची सालं काढायची, ती पाट्यावर गंधासारखी वाटायची. त्याचे भजीसारखे गोळे तळायचे, त्याला "अकारा". आणि त्याच वाटणात लाल तेल, मिरची, कांदा घालून पानात बांधून वाफवायचं, त्याला "मोयमोय". ही दोन्ही तिची खासियत. मोयमोय असं व्हायचं की बोटानं दाबलं तर खाली जाऊन परत वर यायचं. लांब लांब हानोवरहून माणसं त्यासाठी यायची.

यायची, म्हणजे पूर्वी. ज्या उन्हाळ्यात जर्मनीत फुटबॉलचा वर्ल्डकप होता आणि गाड्यागाड्यांवर झेंडे लागले होते, त्या उन्हाळ्यात शनिवारची माणसं कमी व्हायला लागली. मी गेलो तेव्हा दहा-बारा असायची, ती चारवर आली. मोयमोय रवाळ लागायचं. मध्येच दाणा यायचा. अकारा तेलात फुटायचा. कुणी तिला बोलायचं नाही, पण तिची नजर भुवयांवर असायची ना.  एका शनिवारी तिनं स्वतःच सगळ्यांच्या थाळ्या अर्ध्यात ओढून नेल्या.

तिला एक मुलगी, हांबुर्गला. जर्मनीतच वाढलेली. आई तिच्या भाषेत बोलायची, पोरगी जर्मनमध्ये उत्तर द्यायची, आमच्या नातीसारखंच. तिनं आईला मोठा मिक्सर आणून दिला होता. तो खोक्यात होता आणि खोक्यावर बाईनं फोन ठेवला होता. पोरगी दर शनिवारी फोन करायची: आई, पुरे झालं, दुकान बंद कर, माझ्याकडं ये, इथं एक खोली आहे. आजवर बाई तिला उडवून लावायची. त्या उन्हाळ्यात तिनं सुनेला सांगितलं की सप्टेंबरअखेर जागेचा करार संपतो, तो पुढं करायचा नाही.

"का म्हणतात?" मी सुनेला विचारलं.

"हात गेला म्हणतात, बाबा. पन्नास वर्षं जो हात होता तो आता राहिला नाही. म्हणाल्या, हात गेलेल्या बाईनं लोकांना जेवायला बोलावू नये."

मी म्हटलं, "खुळी आहे. हात कुठं गेलाय? पाटा गेलाय."

मी पहिल्याच महिन्यात बघितलं होतं. पाटा मधोमध आरशासारखा झाला होता. वरवंटा बर्फावर पाय सटकावा तसा सटकत होता. ती बिचारी दुप्पट जोर लावायची, खांदे दुखेपर्यंत, आणि चवळी वाटली जायच्याऐवजी नुसती दबायची. पन्नास वर्षं मी पाटे बघितलेत. आत पाऊल टाकलं की वाटण्याच्या आवाजावरून सांगतो, टाकीला किती दिवस झाले.

सुनेला म्हटलं, "तिला सांग, पापा शनिवारी टाकी घेऊन येतो. दोन तासांचं काम."

सुनेनं सांगितलं. बाई म्हणाली, "नाइन." म्हणजे नको. सुनेनं पुन्हा सांगितलं की यांचा हाच धंदा होता. बाई म्हणाली, पाट्याला कुणी हात लावायचा नाही.  कोटाची बटणं लावली आणि पुढं दुकानात गेली.

आता माझी चूक सांगतो. ती चूक माझ्या धंद्यातल्या माणसानंच करावी अशी आहे. आमच्या धंद्यात कुठलीही बाई पहिल्यांदा हो म्हणत नाही. "नको रे बाबा, अजून चांगला आहे." "नको, मालक घरी नाहीत." "नको, मागच्या दिवाळीला लावली." आपण ऐकायचं नाही. ओट्यावर बसकण मारायची, पाटा पुढं ओढायचा, एका कोपऱ्याला दहा टोचे मारायचे आणि म्हणायचं, बघा मावशी, हात फिरवून बघा. मग ती हात फिरवते आणि आत जाऊन वरवंटाही घेऊन येते. हजारो नको मी असे ऐकलेत आणि एकही खरा निघाला नाही. बाईचा नको मी त्यातलाच समजलो. शिवाय मनात राग होताच. माझ्या हातावर विश्वास नाही म्हणजे काय?

एका मंगळवारी तिची डॉक्टरकडं वेळ होती, तिकडं टर्मिन म्हणतात. दुकानात तिच्या ओळखीची एक मुलगी बसली होती. मी पडदा सारून आत गेलो, धोतरातून टाकी काढली, पाटा खिडकीच्या उजेडात ओढला आणि बसलो.

किती वर्षांनी तो आवाज ऐकला. टक टक टक. मन कसं थंड झालं. काम करता करता माझ्या लक्षात आलं की कडेला कुणाचे तरी जुने टोचे शिल्लक आहेत. धंदेवाईकाचे नव्हेत. टाकीही नव्हती ती, खिळा असावा. कुठं खोल, कुठं उथळ. आणि सगळे उलट्या बाजूला कललेले. माझ्या टोच्यांचा कल एका अंगाला, त्यांचा दुसऱ्या. म्हणजे हातोडी डाव्या हातात धरणारा माणूस. मी मनात हसलो, कुठल्या डावऱ्या हौशी माणसानं केलंय हे. जुने टोचे असे राहिले की नवे नीट बसत नाहीत, म्हणून ते आधी उडवावे लागतात. मी उडवत गेलो. भुकटी साचली की फुंकर मारायची, पुन्हा टक टक. निम्मा पाटा झाला.

बाई दारात कधी येऊन उभी राहिली ते कळलं नाही.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मी भांडलो असतो. ती आली आणि जमिनीवर बसली. तिला बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. तिनं माझ्या बाजूच्या, टाकी लागलेल्या भागाला हात लावला नाही. उरलेल्या निम्म्यावर तळवा ठेवला आणि तो हळूहळू कडेकडंनं फिरवत राहिली, जिथं ते उलटे टोचे होते तिथं. मग काहीतरी हळू बोलली आणि दाराकडं बोट केलं.

मी टाकी उचलून निघालो. मला वाटलं, बाईचं डोकं फिरलंय.

संध्याकाळी सून तिच्याकडं जाऊन आली. स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसली.

"बाबा, ते त्यांच्या मिस्टरांनी केलेलं होतं."

"काय?"

"पाटा. दर वर्षी ख्रिसमसच्या आधी ते खिळा आणि हातोडी घेऊन बसायचे. कारखान्यात कामाला होते. डावरे होते. लहानपणी डाव्या हातानं जेवतात म्हणून त्यांच्या आईनं हातावर पळ्या मारलेल्या. चार वर्षं झाली जाऊन. त्यांनी शेवटची टाकी लावली ती त्यावर होती. म्हणून त्या कुणाला हात लावू देत नव्हत्या. त्यांना काय कळत नव्हतं का बाबा, पाटा गुळगुळीत झालाय ते? त्यांना सगळं कळत होतं. पण दुसऱ्या कुणी टाकी लावली की ते गेले, असं वाटायचं त्यांना. त्यापेक्षा माझा हात गेला असंच म्हणते, म्हणाल्या."

मी टेबलावरचं भांडं सरळ करून ठेवलं.

"बाबा, सॉरी म्हणा जाऊन."

"मी काय चूक केली? दगडाला टाकी पाहिजेच होती."

"गेनाऊ," सून म्हणाली. तिला राग आला की जर्मन बोलते. "अगदी बरोबर, दगडाला पाहिजे होती हो. बाईंना?"

खोटं कशाला सांगू, त्या रात्री जेवण गेलं नाही. मी जन्मात कुणाची माफी मागितलेली नाही. बापाची नाही, बायकोची नाही. तसा शब्दच तोंडात बसत नाही माझ्या. आणि मागून तरी काय होणार होतं? टोचा ही अशी गोष्ट आहे की मारला की मारला, उडवला की उडवला. तिचा माणूस मी भुकटी करून फुंकून टाकला होता. त्याला माफी काय पुरणार?

दुसऱ्या दिवशी बाल्कनीत गेलो. कुंड्यांखाली मुलानं दगडाच्या फरश्या घातल्या होत्या. एक ओढून काढली. टाकी उजव्या हातात धरली, हातोडी डाव्या. सत्तरीला आलेल्या माणसाचा डावा हात म्हणजे दुसऱ्याच माणसाचा हात. पहिला फटका टाकीवर बसलाच नाही, उजव्या अंगठ्यावर बसला. दुसराही. आठ दिवसांत नख काळं पडलं. मुलगा म्हणाला, "बाबा, काय चाललंय हे?" खालच्या मजल्यावरची जर्मन म्हातारी वर आली आणि दारात मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटून दाखवलं. एक ते तीन विश्रांतीची वेळ, तेव्हा ठोकाठोक चालत नाही. मी तीन वाजेपर्यंत थांबायचो आणि तीनला सुरू.  सुनेनं फक्त अंगठ्याला लावायला मलम आणून ठेवलं.

तीन फरश्या मी फुकट घालवल्या. चौथीवर हात बसायला लागला. डावऱ्या माणसाचा टोचा नुसता उलटा कलत नाही, तो जरा ओढलेला असतो, शेवटाला शेपटी येते. ती शेपटी मला येईना. मग लक्षात आलं, तो माणूस बसून नव्हे, गुडघ्यांवर ओणवा होऊन करत असणार. मीही ओणवा झालो. गुडघे बोंबलले, पण शेपटी आली.

मग एका शनिवारी दुपारी ती फरशी पिशवीत घालून दुकानात गेलो. मागच्या खोलीत खुर्च्या मांडलेल्याच नव्हत्या. त्या दिवशी तिनं काही रांधलंच नव्हतं. खोकी बांधायला काढली होती. मला बघून ती उठली नाही. मी फरशी तिच्यापुढं टेबलावर ठेवली आणि मागं सरलो.

तिनं आधी बघितलं नुसतं. मग हात पुढं केला. तळवा फरशीवर टेकवला, कडेनं फिरवला, मध्ये आणला, पुन्हा कडेला नेला. डोळे मिटले होते.  मग तिनं माझा उजवा हात ओढला आणि त्या काळ्या अंगठ्याकडं बघत राहिली. माझ्या तोंडून माफीचा शब्द निघाला नाही आणि तिनंही मागितला नाही.

ती उठली. पाटा उचलून स्वतःच खिडकीपाशी नेला. डोक्याचं फडकं सोडलं, तिचे केस पांढरे होते, ते मी त्या दिवशी बघितलं, आणि ते फडकं पाट्याखाली अंथरलं. भुकटी खाली सांडू नये म्हणून. वरच्या कडेला चार बोटं आडवी ठेवून मला दाखवली, एवढं सोडायचं. तिथंपर्यंत वरवंटा येतच नाही. तिथले टोचे जुनेच होते, त्याचे.

मी ओणवा झालो. डाव्या हातात हातोडी. तिच्या माणसाचे उरलेले टोचे एकेक करून काढत गेलो आणि जिथं काढला तिथंच, त्याच कलानं, नवा घालत गेलो. मी माझ्या हातानं केलेला निम्मा भागही पुन्हा त्याच्या हाताचा केला. दोन तासांचं काम पाच तास चाललं. फुंकर एकदाही मारली नाही. ती सगळा वेळ समोर मांडी घालून बसली होती. मध्येच हात फिरवून बघायची. एकदा मान हलवली, म्हणून तो पट्टा मी परत केला.

काम झाल्यावर तिनं फडक्यातली भुकटी गोळा केली, गाठ मारली आणि कोटाच्या खिशात ठेवली.

टाकी लावलेल्या पाट्यावर पहिलं वाटण खायचं नसतं. त्यात दगडाची कच येते. मूठभर काहीतरी वाटून फेकून द्यायचं, हे मी पन्नास वर्षं प्रत्येक बाईला बजावून सांगितलंय. बाईनं वाडगाभर भिजलेली चवळी आणली आणि वाटायला बसली. काय आवाज आला म्हणून सांगू. घर्र, घर्र, एकसारखा. वरवंटा घसरला नाही. दोन हातांत गंध झालं. मी म्हटलं, "बाई, हे फेक. कच आहे." हातानं फेकायची खूणही केली. तिला समजलं. समजलं हे मला दिसलं. तिनं वाटण फेकलं नाही. त्यात मिरची आणि कांदा घातला, हातानं फेटलं, तेल तापवलं आणि चार अकारे तळले. दोन माझ्या थाळीत, दोन तिच्या. आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर जेवायला बसली.

अकारा फुटला नव्हता. वरून कुरकुरीत, आत कापूस. आणि दाताखाली बारीक कच, कर्र कर्र. ती चावत होती, सावकाश, डोळे माझ्याकडं नव्हते. मीही चावला. माझे चारच दात, त्यांनी चावला. थुंकलो नाही.

तेवढ्यात फोन वाजला. शनिवार होता, मुलगीच असणार. बाईनं तोंडात घास असतानाच फोन उचलला. पलीकडून बराच वेळ जर्मनमध्ये बोलणं चाललं होतं. खोली, खोकी, गाडी कधी आणू, असंच काहीतरी असेल. बाई चावत चावत ऐकत होती. मग एकदा म्हणाली, "नाइन." पलीकडून पुन्हा काहीतरी. "नाइन," बाई म्हणाली. घास गिळला, थाळीतला दुसरा अकारा उचलला, आणि तिसऱ्यांदा जरा हळू, पोरीला समजावल्यासारखं म्हणाली, "नाइन."

जर्मन मला येत नाही. तेवढा एक शब्द येतो.